एकाच नावाचे दोन वायफाय ॲडॉप्टर, वाचनालयाचा नवा संगणक: प्रकल्प नोंदी

८ नोव्हेंबर २०२५, शनिवार

बडोद्याच्या दांडिया बाजारातलं आमचं छोटं मराठी वाचनालय सध्या वहीवर चाललंय. दिवाळी अंकांचे दिवस आहेत, सभासद एक अंक परत करून लगेच दुसरा मागतात, आणि कुठला अंक कोणाकडे आहे हे शोधायला ग्रंथपालकाकूंना दर वेळी पानं उलटावी लागतात. देवघेवीचं सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालतं, त्यामुळे इंटरनेट नसेल तर संगणक असून नसल्यासारखा. म्हणून हे काम लवकर व्हायला हवं, आणि पुन्हा कोणाला करावं लागलं तर सोपं जावं म्हणून या नोंदी ठेवतोय.

जुना संगणक विंडोज १० वर होता. १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा आधार संपला आणि त्या यंत्रात टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसल्यामुळे ते विंडोज ११ घेत नाही. एका सभासदांनी त्यांच्या ऑफिसमधून निघालेला, बराच नवा डेस्कटॉप वाचनालयाला दिला. यंत्र उत्तम आहे: एसएसडी आहे, आठ जीबी रॅम आहे, पुढे-मागे भरपूर यूएसबी पोर्ट आहेत. वायफाय मात्र नाही. ऑफिसच्या डेस्कटॉपमध्ये बहुतेक वेळा नसतंच, तिथे केबल असते. त्याच्यावर डेबियन १३ हा लिनक्सचा प्रकार बसवला आहे, त्याचा गाभा म्हणजे कर्नल ६.१२.

केबल टाकायचा प्रश्न आधी सोडवून टाकू, कारण प्रत्येक जण तोच विचारतो. फायबरचं कनेक्शन आणि राउटर तळमजल्यावर कार्यालयात आहेत. संगणक वरच्या मजल्यावर आहे, आणि २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीला पूर आला तेव्हापासून तो वरच राहावा असं सगळ्यांनी ठरवलंय. वाडा जुना, भिंती वीट-चुन्याच्या आणि हातभर जाड, जिना कोरीव लाकडाचा. विश्वस्त भोक पाडू देणार नाहीत आणि त्यांचं बरोबर आहे.

जुन्या यंत्राला लावलेला यूएसबी वायफाय ॲडॉप्टर काढून नव्याला लावला. दिवा लागला नाही, नेटवर्कच्या यादीत वायफायचं नावच नाही. आठवड्यात भाच्यानं थोडी खटपट करून ठेवली आहे असं कळलं. काय केलं ते त्याला विचारायचं आहे.

खजिनदारकाकांचं म्हणणं, नवीन घेऊन टाका, पाचशे-सातशेत मिळतो. पैशांचा प्रश्न नाही हे मलाही मान्य आहे. पण दुकानातल्या खोक्यावर वेग लिहिलेला असतो आणि विंडोजचं चिन्ह असतं, आत कोणती चिप आहे ते बहुधा लिहिलेलं नसतं. लिनक्सवर सगळं त्या चिपवर अवलंबून आहे. चिप न कळता नवा आणला तर आज जिथे आहोत तिथेच पुन्हा येऊन बसू, फक्त खोका नवा.

९ नोव्हेंबर, रविवार

आज ओळख पटवायचं काम केलं, आणि या सगळ्या प्रकरणात हेच सर्वांत महत्त्वाचं आहे.

इंटरनेट नसताना इंटरनेट बसवायचं, तर आधी तात्पुरती सोय हवी. फोन यूएसबी केबलनं संगणकाला जोडला आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू केलं. डेबियनला तो फोन तारेच्या नेटवर्क कार्डासारखा दिसतो, वेगळं काहीच बसवावं लागत नाही. नुसत्या चार्जिंगची नव्हे, डेटाचीसुद्धा ने-आण करणारी केबल हवी एवढंच.

काकूंनी कपाटाच्या खणातून अजून एक ॲडॉप्टर काढून दिला. एका सभासदांच्या मुलानं अमेरिकेहून आणलेला, परत जाताना वाचनालयात ठेवून गेला होता. दोन्ही शेजारी ठेवले. दोन्ही टीपी-लिंकचे, दोन्हींवर टीएल-डब्ल्यूएन७२२एन हेच मॉडेल, दोन्ही पांढरे, दोन्हींना फिरवून काढता येणारा तसाच अँटेना. कोणीही म्हणेल जुळी भावंडं. पण मागच्या लेबलवर बारीक अक्षरात, अनुक्रमांकाच्या आसपास, आवृत्ती छापलेली असते. जुन्या संगणकाच्या ॲडॉप्टरवर २, अमेरिकेहून आलेल्यावर १. भिंगातून वाचावं लागलं.

मग दोन्ही एकेक करून लावले आणि 'एलएसयूएसबी' ही आज्ञा दिली. यूएसबीवरचं प्रत्येक उपकरण स्वतःचे दोन क्रमांक सांगतं: एक बनवणाऱ्याचा, एक वस्तूचा. आवृत्ती १ नं सांगितलं ०सीएफ३:९२७१. हा ०सीएफ३ अथेरॉसचा, आणि ९२७१ म्हणजे एआर९२७१ ही चिप. आवृत्ती २ नं सांगितलं २३५७:०१०सी. हा २३५७ खुद्द टीपी-लिंकचा क्रमांक, आणि आतली चिप रिअलटेकची आरटीएल८१८८ईयूएस.

म्हणजे खोका तोच, नाव तेच, रूप तेच, आणि आतलं यंत्र दुसऱ्याच कंपनीचं. एकाचा ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारा प्रोग्राम, दुसऱ्याला लागू होण्याचा प्रश्नच नाही. बनवणाऱ्याच्या दृष्टीनं त्यात गैर काही नाही, विंडोजसाठी योग्य ती सीडी खोक्यात टाकली की काम भागतं. पण मॉडेलच्या नावावरून उपाय शोधणारा माणूस निम्म्या वेळा चुकीच्या चिपचा उपाय करत बसतो. लोक म्हणतात 'हा ॲडॉप्टर लिनक्सवर लगेच चालतो' आणि लोकच म्हणतात 'अजिबात चालत नाही', आणि दोघंही खरं सांगत असतात. म्हणून नोंदीत ठळक: यापुढे वाचनालयात या दोघांना नावानं ओळखायचं नाही, चिपनं ओळखायचं. दोन्हींवर चिकटपट्टी लावून 'अथेरॉस' आणि 'रिअलटेक' असं लिहून टाकलं.

अथेरॉसवाल्याबद्दल आधीच माहीत होतं ते लिहून ठेवतो. त्याचा ड्रायव्हर, एटीएच९के-एचटीसी, २०१० च्या २.६.३५ आवृत्तीपासून कर्नलमध्येच आहे. चिपच्या आत चालणारं फर्मवेअर वेगळ्या फाइलमधून दर वेळी लावताना भरावं लागतं, जेमतेम पन्नास केबीचं. आणि त्या फर्मवेअरचा सोर्ससुद्धा, म्हणजे मूळ कोड, क्वालकॉम अथेरॉसनं २०१३ मध्ये खुला केला. वायफायच्या जगात ही फार दुर्मिळ गोष्ट आहे. ज्या अभियंत्यांनी आग्रह धरून ते करवून घेतलं असेल, त्यांच्यामुळे टीपी-लिंकनं ही आवृत्ती कधीच सोडून दिलेली असतानाही बडोद्यातल्या एका वाचनालयात ती आज उपयोगी पडणार आहे. मला याचं मनापासून अप्रूप वाटतं.

रिअलटेकवाल्याची कहाणी जास्त खडतर. तिच्यासाठी उद्या-परवा वेळ काढतो. कामाला तोच घ्यायचा असं वाटतं, कारण खालच्या राउटरला त्याचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा स्वतःचा ओळख क्रमांक, आधीच माहीत आहे. राउटरवर फक्त नोंदलेल्या यंत्रांनाच प्रवेश ठेवला आहे.

११ नोव्हेंबर, मंगळवार

ऑफिसनंतर दीड तास मिळाला.

रिअलटेक लावून 'एलएसयूएसबी'ला झाडाच्या रूपातली यादी मागितली. त्या यादीत प्रत्येक उपकरणापुढे त्याला सांभाळणाऱ्या ड्रायव्हरचं नाव येतं. कीबोर्ड आणि माउसपुढे नाव होतं, ॲडॉप्टरपुढे कोणीच नाही. म्हणजे कर्नलला वस्तू दिसते आहे, पण तिचा ताबा कोणी घेत नाही.

इथे थोडा इतिहास लागतो. आरटीएल८१८८ईयू घराण्यासाठी कर्नलमध्ये बरीच वर्षं एक कच्चा ड्रायव्हर 'स्टेजिंग' विभागात होता, आर८१८८ईयू नावाचा. स्टेजिंग म्हणजे अजून साफसफाई व्हायची आहे असा कोड. त्याच्याबद्दल तक्रारी फार, म्हणून लोक कर्नलच्या बाहेरचा, रिअलटेकच्या मूळ कोडवरून उभा केलेला ड्रायव्हर स्वतः कंपाइल करून, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्राम बनवून, बसवत. पुढे ६.३ आवृत्तीत, २०२३ मध्ये, ही चिप आरटीएल८एक्सएक्सएक्सयू या नीट लिहिलेल्या ड्रायव्हरमध्ये घेतली गेली आणि स्टेजिंगमधला काढून टाकला. डेबियन १२ चं कर्नल ६.१, म्हणजे त्याला ही सोय नव्हती. आमचं ६.१२, म्हणजे आहे. फर्मवेअरची फाइलही रिअलटेकच्या पॅकेजमधून बसलेली आहे, पाहून घेतलं.

मग ताबा का घेत नाही? भाच्याला फोन लावला. त्यानं जुन्या सूचना पाहून बाहेरचा ड्रायव्हर बसवायचा प्रयत्न केला होता. कंपाइल झाला, पण चढवताना 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असा निरोप आला, आणि तिथे त्यानं सोडून दिलं.

त्या निरोपाचं कारण सिक्युअर बूट. तो चालू असेल तर कर्नल फक्त ओळखीच्या सहीचे ड्रायव्हर आत घेतो. डेबियनच्या कर्नलबरोबर येणाऱ्या ड्रायव्हरांवर डेबियनची सही असते, घरी कंपाइल केलेल्यावर नसते. स्वतःची किल्ली तयार करून ती यंत्रात नोंदवता येते, किंवा सिक्युअर बूट बंद करता येतो. मी दोन्ही केलं नाही, आणि का ते लिहितो. किल्लीचा मार्ग योग्य आहे, पण कर्नल बदललं की बाहेरचा ड्रायव्हर पुन्हा कंपाइल व्हावा लागतो. डीकेएमएस हे साधन ते आपोआप करतं, तरी कर्नलच्या आतल्या फंक्शनांची नावं आणि रचना बदलत राहतात, आणि एखाद्या अपडेटनंतर कंपाइलच होत नाही. कर्नलमधल्या ड्रायव्हरला तो बदल करणाराच सुधारून ठेवतो, बाहेरच्याला कोणीतरी सवडीनं सुधारायचं. वाचनालयात एक सकाळ अशी उजाडेल की काकू यंत्र चालू करतील आणि वायफाय नसेल, आणि मी मकरपुऱ्यात कामावर असेन. असं यंत्र मला कोणाच्या हवाली करायचं नाही.

खरी अडचण मात्र दुसरीकडेच निघाली. त्या जुन्या सूचनांमध्ये शेवटी एक पायरी असते: कर्नलमधला ड्रायव्हर आडवा येऊ नये म्हणून त्याचं नाव काळ्या यादीत टाका. भाच्यानं ती पायरी आधीच पार पाडली होती. ड्रायव्हरांबद्दलच्या सूचना ठेवायच्या 'मॉडप्रोब.डी' फोल्डरमध्ये एक छोटी फाइल, आत एकच ओळ, आणि त्या ओळीत आरटीएल८एक्सएक्सएक्सयू चं नाव. म्हणजे जो ड्रायव्हर काम करणार होता, त्यालाच दारावर अडवून ठेवलं होतं. त्या सूचना लिहिल्या गेल्या तेव्हा तो सल्ला रास्त होता, कर्नल पुढे गेलं आणि सल्ला मागे राहिला.

ती फाइल काढली, डीकेएमएसमधून बाहेरचा ड्रायव्हर उतरवला, सुरुवातीची रॅमडिस्क (यंत्र सुरू होताना कर्नलबरोबर चढणारी फाइल) पुन्हा बनवली कारण काळी यादी तिच्यातही उतरलेली असते, आणि यंत्र परत चालू केलं. दिवा लागला. यादीत ड्रायव्हरचं नाव आलं.

इंटरफेसचं नाव 'डब्ल्यूएलएक्स' आणि त्यापुढे मॅक पत्त्याचे बारा अंक-अक्षरं असं आलं. लांबलचक दिसतं, पण उपयोगाचं आहे. लिनक्समध्ये अशा नावाला जास्तीत जास्त पंधरा अक्षरांची जागा असते, तीन अधिक बारा बरोबर पंधरा. कोणत्याही पोर्टला लावला तरी नाव तेच राहतं, म्हणजे दोन्ही ॲडॉप्टर एकाच यंत्राला लावले तरी गोंधळ नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

रिअलटेकला नेटवर्क दिसतात. आमचं निवडलं, पासवर्ड दिला, थोडा वेळ फिरलं आणि पुन्हा पासवर्ड विचारला. पुन्हा दिला, पुन्हा विचारला. पासवर्ड बरोबर आहे, त्याच पासवर्डनं माझा फोन जोडलेला आहे.

कर्नलची नोंदवही उघडून बसलो. जोडणी सुरू होते, ओळख पटवायचा निरोप जातो, उत्तर येत नाही, वेळ संपतो. आणि मध्ये मध्ये इंटरफेस खाली जाऊन वर येतो.

हे वागणं ओळखीचं वाटलं. नेटवर्कमॅनेजर हा जोडण्या सांभाळणारा प्रोग्राम नेटवर्क शोधताना खरा मॅक पत्ता न वापरता बनावट पत्ता वापरतो, म्हणजे बाजारात फिरताना कोणाला आपला माग काढता येऊ नये. फोन-लॅपटॉपसाठी चांगलीच गोष्ट. पण पत्ता बदलायचा तर इंटरफेस क्षणभर खाली घ्यावा लागतो, आणि काही जुन्या चिपना ते झेपत नाही.

इथे एक बारकावा सापडला. डेबियनच्या नेटवर्कमॅनेजरबरोबर एक छोटी फाइल येते, तिच्यात ज्या ड्रायव्हरांसाठी हा पत्ता-बदल बंद ठेवायचा त्यांची नावं असतात. आमच्या चिपच्या जुन्या दोन्ही ड्रायव्हरांची नावं तिच्यात आहेत: आर८१८८ईयू आणि ८१८८ईयू. म्हणजे ही खोड कोणाला तरी आधीच माहीत होती आणि त्यानं सोय करून ठेवली होती. आता तीच चिप आरटीएल८एक्सएक्सएक्सयू चालवतो, आणि ते नाव यादीत नाही.

नेटवर्कमॅनेजरच्या 'कॉन्फ.डी' फोल्डरमध्ये आपली फाइल टाकली. तिच्यात 'डिव्हाइस' शीर्षकाखाली एकच ओळ, 'वायफाय.स्कॅन-रँड-मॅक-ॲड्रेस' बरोबर 'नो'. सेवा पुन्हा चालू केली. पहिल्या फटक्यात जोडलं गेलं. देवघेवीचं पान उघडलं.

काकूंनी लगेच आठवड्याभराच्या वहीतल्या नोंदी चढवायला घेतल्या. मी त्यांना वाचून दाखवत होतो, त्या टाइप करत होत्या. शेवटी विश्वस्तांपैकी एकांनी सगळ्यांसाठी सेव-उसळ मागवली.

१६ नोव्हेंबर, रविवार

रिअलटेक चालतोय, तरी अथेरॉसही तयार ठेवायचा आहे. वाचकांसाठी यादी बघायचा वेगळा संगणक पुढच्या खोलीत लावायचं ठरलंय, तिथे तो लागेल.

लावला आणि काही सेकंदांत फर्मवेअर भरलं गेलं, दिवा लागला, आजूबाजूची नेटवर्क दिसली. ड्रायव्हरसाठी काहीच करावं लागलं नाही. पंधरा वर्षं कर्नलच्या आत राहिल्याचा हा फायदा.

फक्त आमचंच नेटवर्क त्या यादीत नाही! समोरच्या फरसाणवाल्याचं दिसतं, वरच्या गल्लीतल्या क्लासचं दिसतं, खाली पंधरा फुटांवर असलेलं आमचं नाही. रिअलटेकला दिसत होतं, फोनला दिसतंय.

फोनवर वायफायची माहिती दाखवणारं ॲप होतं. आमचं नेटवर्क चॅनेल १३ वर, २४७२ मेगाहर्ट्झ. राउटर 'ऑटो'वर आहे. दांडिया बाजारात दाटी इतकी की राउटरनं कडेची मोकळी जागा शोधून काढली. त्याचं चुकलं नाही. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ च्या नियमानं परवान्याशिवाय वापरायला मोकळा झाला, २४८३.५ मेगाहर्ट्झपर्यंत, आणि १ ते १३ सगळे चॅनेल त्यात बसतात. अमेरिकेत मात्र वायफायची उपकरणं सर्रास १ ते ११ वरच ठेवतात.

आणि हा ॲडॉप्टर अमेरिकेतून आला आहे. कर्नलच्या नोंदवहीत शोधलं तर ओळ सापडली: ईप्रॉममधला (ॲडॉप्टरच्या कायमच्या स्मृतीतला) प्रदेश ०एक्स८३४८. हा आकडा उलगडायला मजा येते. सुरुवातीचा ८ ही खूण आहे की पुढचा भाग देशाचा क्रमांक समजावा. उरला ३४८, तो सोळाच्या पायावरचा, दशमानात ८४०. ८४० हा आयएसओच्या यादीत अमेरिकेचा क्रमांक (भारताचा ३५६). पुढे एका ओळीत ड्रायव्हर स्पष्ट सांगतो की देश म्हणून 'यूएस' धरला आहे.

'आयडब्ल्यू' ही वायफायची आज्ञा वापरून यंत्राचा प्रदेश भारत केला. चॅनेलांच्या यादीत १२ आणि १३ तरीही बंदच. अथेरॉसचे ड्रायव्हर ईप्रॉममधला देश ही वरची मर्यादा मानतात, वापरणाऱ्यानं दुसरा देश सांगितला तर दोन्ही नियमांत जे सामाईक असेल तेवढंच ठेवतात. ती मर्यादा उठवायला ड्रायव्हरचा कोड बदलणारे लोक आहेत. मला ते करायचं नाही. रेडिओच्या बाबतीत यंत्रानं घालून दिलेली मर्यादा पाळावी असं माझं मत आहे, आणि शिवाय पुन्हा तोच स्वतः कंपाइल करायचा मार्ग.

राउटर आपल्या ताब्यात आहे, मग तिथेच बदलू. वर-खाली दोन्हीकडे फिरून सिग्नल पाहिले: १ वर गर्दी, ६ वर त्याहून जास्त, ११ वर दोन-तीन लांबचे. 'ऑटो' काढून ११ ठेवला, रुंदी २० मेगाहर्ट्झ. ४० ठेवून वेग वाढतो असं वाटतं, पण अशा दाट वस्तीत शेजाऱ्यांशी टक्कर वाढते. अथेरॉसला आमचं नेटवर्क लगेच दिसलं. त्याचा मॅक पत्ता राउटरच्या यादीत घातला, जोडला गेला.

राउटर बदलला किंवा फायबर कंपनीच्या माणसानं रिसेट केला, तर हे चॅनेल पुन्हा 'ऑटो'वर जाईल. काकूंच्या टेबलाच्या काचेखाली चिठ्ठी ठेवली आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज जाता आलं नाही. काकूंचा फोन: दुपारी नेट अडकत अडकत चाललं, एरवी ठीक.

२२ नोव्हेंबर, शनिवार

अडकण्याचं कारण सापडलं.

दुपारी नेमकं काय होतं असं काकूंना विचारलं. त्या रोज दुपारी यादीची प्रत बाहेरच्या एसएसडीवर घेतात. ती एसएसडी पुढच्या निळ्या यूएसबी ३ पोर्टला, आणि तिच्या अगदी शेजारच्या पोर्टला ॲडॉप्टर. हा योगायोग नव्हे. यूएसबी ३ वरून ५ गिगाबिटनं डेटा जातो तेव्हा जो रेडिओ गोंगाट निघतो, तो रुंद पसरलेला असतो आणि २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा त्यातच येतो. इंटेलनं २०१२ मध्येच यावर सविस्तर टिपण काढलं होतं: पोर्टमधून, केबलमधून आणि उपकरणातूनही हा गोंगाट सुटतो, आणि जवळच्या वायरलेस माउस-वायफायचा पल्ला घटतो.

पाहून घेतलं. एसएसडी काढलेली असताना सिग्नल उणे ६८ डीबीएमच्या आसपास (हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला), जोडणीचा वेग ५८ मेगाबिट. मोठी फाइल नकलायला लावली तसा तो वेग १३ वर घसरला आणि राउटरला पाठवलेल्या पिंगची (चाचणीच्या छोट्या निरोपांची) उत्तरं गळायला लागली. नक्कल थांबवली की पुन्हा पूर्ववत. सिग्नलचा आकडा स्वतः फारसा हलत नाही, म्हणून फक्त पट्ट्या पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. राउटरचा आवाज तितकाच आहे, पण कानाशी कोणी ढोल वाजवतंय.

सयाजीगंजातून दीड मीटरची यूएसबी एक्स्टेंशन केबल आणली, चांगल्या जाडीची. ॲडॉप्टर मागच्या काळ्या यूएसबी २ पोर्टला त्या केबलनं जोडला आणि स्वतः ॲडॉप्टर खिडकीच्या चौकटीवर, लोखंडी कपाटांपासून दूर, जिन्याच्या बाजूला ठेवला. अँटेना उभा. आता सिग्नल उणे ५७, आणि एसएसडीवर नक्कल चालू असतानाही वेग पडत नाही. हा ॲडॉप्टर तसाही यूएसबी २ चाच आहे, निळ्या पोर्टला लावून त्याला काहीच जास्त मिळत नव्हतं.

एक अँटेना, एक प्रवाह, कागदावर १५० मेगाबिट, तेही ४० मेगाहर्ट्झ रुंदीवर. आमच्या २० मेगाहर्ट्झवर कमाल ७२, आणि प्रत्यक्ष डाउनलोड ३५ ते ४० मिळतं. देवघेवीला याच्या दहाव्या हिश्शातही भागतं.

हे ॲडॉप्टर वायफायच्या जुन्या, ११एन पिढीतले, म्हणून आणखी एक गोष्ट बघून ठेवली: राउटरची सुरक्षा डब्ल्यूपीए२-डब्ल्यूपीए३ मिश्र आहे, म्हणजे जुनी आणि नवी दोन्ही पद्धती चालतात. ती कोणी फक्त डब्ल्यूपीए३ करू नये. या ॲडॉप्टरांची त्यावर परीक्षा घेतलेली नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

कर्नलचं अपडेट आलं होतं, ते मुद्दाम मी समोर असताना करून घेतलं. यंत्र परत चालू झालं, रिअलटेक स्वतःहून जोडला गेला. सिक्युअर बूट चालूच आहे. ज्या दिवसासाठी बाहेरचा ड्रायव्हर टाळला, तो दिवस काहीच न घडता गेला.

पुढच्या खोलीत वाचकांचा संगणक लावला, अथेरॉस त्याला. तोही डेबियन १३, पत्ता-बदल बंद करायची ओळ तिथे घातलेली नाही कारण या चिपला तिची गरज पडली नाही. दोन्ही यंत्रं दिवसभर चालली. एका आजोबांनी लेखकाच्या नावानं शोधून तीन पुस्तकं एकदम काढली आणि कपाटाचा क्रमांक कागदावर उतरवून घेतला.

दोन्ही ॲडॉप्टरांची माहिती एका पानावर लिहून कार्यालयाच्या फाइलला लावली आहे: लेबलवरची आवृत्ती, यूएसबी क्रमांक, चिप, ड्रायव्हर, मॅक पत्ता, कोणत्या यंत्राला आणि कोणत्या पोर्टला लावला. खाली राउटरचं चॅनेल ११ आणि ते का. भाच्यानं त्या पानाची गुजरातीतही प्रत करून दिली, कारण संध्याकाळी बसणारा मुलगा मराठी बोलतो पण वाचत नाही.

राहिलेलं काम: पुढच्या खोलीसाठी तशीच एक्स्टेंशन केबल, आणि जुन्या विंडोज यंत्रातली हार्ड डिस्क पुसून देणं. ते डिसेंबरच्या पहिल्या रविवारी.